झाशीचे गंगाधरराव : नाट्यशाळा आणि ग्रंथालय

झाशीस गेलेला मराठी माणूस प्रथम किल्ल्याकडे धावतो. ते साहजिकच आहे. आम्हीही तेच केले. परंतु त्या दिवशी ओरछ्याहून परतताना आमची गाडी जुन्या तटबंदीच्या ओरछा दरवाजापाशी, म्हणजे तेथील लोक ज्याला ओरछा गेट म्हणतात तेथे, रहदारीत बराच वेळ अडकून पडली, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत मनात एक विचार आला. या दरवाजाचे नाव निघाले की सर्वांना १८५८ चा वेढा, फितुरीच्या कथा आणि राणीची तलवार आठवते. तलवारीपूर्वीची झाशी मात्र कोणालाच आठवत नाही. त्या झाशीत नाटके होत होती, पोथ्यांच्या नकला केल्या जात होत्या, गवई आणि शास्त्री यांचा राबता होता; आणि हे सारे ज्या पुरुषाच्या आवडीने व खर्चाने चालले होते, त्याचे नाव आज केवळ राणी लक्ष्मीबाईंचे पती म्हणून एका ओळीत येते आणि संपते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असे चिटणीसांनी सांगितले, तेव्हा आम्ही याच पुरुषाचे चरित्र लिहावयाचे ठरविले.

गंगाधरराव नेवाळकर यांचे घराणे मूळचे कोकणातील, रत्नागिरी जिल्ह्यात लांजे तालुक्यात असलेल्या कोट गावचे. तेथून हे कऱ्हाडे ब्राह्मण घराणे खानदेशात पारोळ्यास आले आणि पेशव्यांच्या चाकरीत पुढे बुंदेलखंडात पोहोचले. घर सोडून दूर जावे, तेथेच रुजावे, आणि तरी घरात मराठी बोलावी, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. नेवाळकरांनी तो आपल्याआधी दोन शतके घेतला होता. झाशीचा किल्ला ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव याने १६१३ मध्ये बांधला. छत्रसालाने बाजीरावास बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा दिल्यानंतर मराठ्यांचा येथे प्रवेश झाला. १७४२ मध्ये आलेल्या नारो शंकराने किल्ला वाढविला आणि त्याच्या पायथ्याशी शहर वसविले. पुढे १७७० च्या सुमारास रघुनाथ हरि नेवाळकर सुभेदार झाले आणि त्यांच्यामागून त्यांचे बंधू शिवराव भाऊ. शहराभोवतीचा तट आणि ओरछा, दतिया, सागर, लक्ष्मी, भांडेर इत्यादी नावांचे दरवाजे या शिवराव भाऊंच्या काळातले मानले जातात. गंगाधरराव हे या शिवराव भाऊंचे पुत्र.

राज्य त्यांच्याकडे सरळ आले नाही. पुतण्या रामचंद्रराव यास १८३२ मध्ये बेंटिंकने राजा ही पदवी दिली. १८३५ मध्ये तो निपुत्रिक वारला. त्यानंतर गादीवर आलेले बंधू रघुनाथराव तीन वर्षांत गेले, आणि १८३८ मध्ये हक्कदारांच्या भांडणातून इंग्रजांनी गंगाधररावांची निवड केली. निवड केली खरी, पण अधिकार दिले नाहीत. राज्य कर्जात बुडाले होते. वसुली घसरली होती. कारभार कंपनी सरकारने आपल्या हाती ठेवला आणि राजास नेमणूक बांधून दिली. पुढे पाचएक वर्षांनी अधिकार परत मिळाले तेही फुकट नव्हे. इंग्रजी फौजेच्या खर्चासाठी दोन लाखांहून अधिक उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला.

मधल्या काळात १८४२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पहिल्या पत्नी रमाबाई वारल्या होत्या. वधू बिठूरच्या मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका. विवाह झाशीच्या गणेशमंदिरात झाला. हे मंदिर आजही आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. गंगाधररावांना नाटकाचा विलक्षण नाद होता. त्यांनी झाशीत नाट्यशाळा उभारली, नटनटींना पदरी ठेवले, आणि स्वतः रंगभूमीवर उभे राहिले. त्यातही स्त्रीभूमिका त्यांना विशेष प्रिय होत्या. वाचकांनी येथे सालाकडे लक्ष द्यावे. सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ मध्ये, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तेथून मोजतो. जवळजवळ त्याच वर्षांत, शेकडो कोस उत्तरेस, एक मराठी राजा नाटके करवीत होता. लखनौस वाजिद अली शाह १८४७ मध्ये गादीवर आला. त्याच्या परीखान्यात मुलींना गायन आणि नृत्य रीतसर शिकविले जात असे व तो स्वतः कृष्णलीलेच्या खेळांत भाग घेत असे. त्याहीपूर्वी तंजावरच्या भोसल्यांनी नाटके लिहिली आणि करविली होती. म्हणजे गंगाधररावांचा नाद हे एखाद्या विक्षिप्त माणसाचे वेड नव्हते. ज्यांच्या हातून तलवार काढून घेतली गेली होती असे दरबार त्या काळी आपली बुद्धी आणि पैसा कलेकडे वळवीत होते.

तथापि लोकांना ते वेडच वाटले. राजाने लुगडे नेसावे, बांगड्या भराव्यात, वेणी घालावी, याची कुजबुज राज्यभर झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात या कुजबुजीचे पडसाद आहेत. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार म्हणून दक्षिणेच्या आशेने हे भटजी घराबाहेर पडले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीत सापडले. त्यांनी ऐकलेल्या एका गोष्टीत, इंग्रज अधिकाऱ्याने बांगड्यांबद्दल विचारले असता राजाने असे उत्तर दिले की कंपनी सरकारने साऱ्या हिंदुस्थानच्या राजांना बांगड्या भरल्याच आहेत, मग आपण त्या उघड घातल्या तर बिघडले कोठे? गोष्ट खरी असो वा रचलेली असो, ती झाशीत सांगितली जात होती, आणि सांगणाऱ्यांना त्या बांगड्यांमागचे दुःख कळले होते, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. एक मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. भटजी झाशीत आले तेव्हा गंगाधररावांना जाऊन चार वर्षे लोटली होती. राणीचे जे वर्णन ते करतात ते डोळ्यांनी पाहिलेले. राजाचे जे करतात ते कानांनी ऐकलेले. राजाच्या तापटपणाच्या आणि कठोर शिक्षांच्या कथांनाही हाच नियम लावावयास हवा. त्या सर्वस्वी खोट्या असतील असे आम्ही म्हणत नाही. कलासक्त मनुष्य दयाळू असतोच असा अनुभव नाही.

आपल्या मंडळातील ज्येष्ठांना आठवत असेल, आरंभीच्या वर्षांत गणेशोत्सवातील नाटकांत स्त्रीपात्रे पुरुषच करीत, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांना काय काय ऐकावे लागे! महाराष्ट्रात बालगंधर्वांनी लुगडे नेसले तर त्यांच्या पदराची चाल घरोघरच्या स्त्रियांनी उचलली. एकाच गोष्टीला एकीकडे कीर्ती आणि दुसरीकडे हेटाळणी मिळते, याचा न्याय कोणी करावा? बालगंधर्वांना राज्य चालवावयाचे नव्हते हे खरे. पण ज्यांनी गंगाधररावांना नालायक ठरविले त्यांनी हेही पाहावयास हवे की अधिकार हाती आल्यावर त्यांनी कारभार मार्गावर आणला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये लिहिलेल्या राणीच्या चरित्रात या कारभाराचा उल्लेख आदराने आला आहे.

नाट्यशाळेतील कलावंतांपैकी एकच नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे, ते मोतीबाईचे. झाशीच्या किल्ल्यात गुलाम घौस खान आणि खुदाबक्ष या गोलंदाजांच्या शेजारी तिचे थडगे दाखवितात. ती पूर्वी गंगाधररावांच्या नाट्यशाळेत नटी होती आणि पुढे राणीच्या बाजूने लढताना पडली, अशी परंपरा आहे; वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ सालच्या हिंदी कादंबरीने ती घरोघर पोहोचविली. कादंबरीला इतिहास मानू नये. पण थडगे तेथे आहे, आणि त्यावर फुले पडतात.

नाट्यशाळेपेक्षाही मोठी हानी झाली ती ग्रंथालयाची. गोडसे भटजींसारखा वैदिक मनुष्य जेव्हा एखाद्या संग्रहाची थोरवी गातो तेव्हा ती मानावी लागते. वेद आणि त्यांवरील भाष्ये, सूत्रे, पुराणे, ज्योतिष, वैद्यक अशा नाना विषयांच्या पोथ्या तेथे होत्या. कोठे नवा ग्रंथ असल्याचे कळले की लेखक पाठवून त्याची नक्कल करवून आणावयाची, अशी पद्धत होती. पोथ्या रेशमी रुमालांत बांधून ठेवलेल्या असत. आणि ग्रंथ मिळेना म्हणजे काशीच्या विद्वानांनाही झाशीची आठवण होई. एवढे सांगितले म्हणजे त्या कामाची जात कळते. छापखाने अद्याप थोडे होते. नक्कल करणाऱ्याचा हात, शाई, कागद आणि महिनोन्‌महिन्यांचे श्रम यांतून एक एक पोथी उभी राहत असे.

गंगाधररावांना १८५१ मध्ये पुत्र झाला आणि काही महिन्यांतच गेला. त्या आघातातून ते सावरले नाहीत असे सर्व चरित्रकार सांगतात. १८५३ च्या शरदात ते आजारी पडले. २० नोव्हेंबर रोजी नेवाळकरांच्याच कुळातील आनंदराव हा पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना बोलावून त्यांच्या समक्ष विधी केला आणि राज्य पत्नीच्या देखरेखीखाली चालू ठेवावे असे विनंतिपत्र दिले. दुसऱ्या दिवशी ते निवर्तले. डलहौसीने ते पत्र मानले नाही. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली, आणि त्यापुढची कथा सर्वांना ठाऊक आहे.

३ एप्रिल १८५८ रोजी ह्यू रोजच्या फौजा तटावरून शहरात घुसल्या. त्यानंतरच्या दिवसांत जी कत्तल आणि लूट झाली, तीत ग्रंथालयही गेले. शिपायांनी पोथ्या उचलून बाहेर फेकल्या. रुमाल उपयोगी म्हणून काढून घेतले आणि सुटी पाने वाऱ्यावर सोडली. गोडसे भटजी त्या वेळी शहरात जीव मुठीत धरून लपले होते. माणसांच्या प्रेतांचे वर्णन करताना ज्यांचा हात थांबत नाही, ते पोथ्यांपाशी येऊन हळहळतात. त्यांचा ग्रंथही वाचला तो मोठ्या नशिबाने : १८८३ मध्ये लिहिला, १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी पुष्कळ फेरफार करून छापला, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली ती १९६६ मध्ये.

येथे तंजावरची आठवण होते. सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले, त्यांचे राज्यही १८५५ मध्ये खालसा झाले. परंतु तेथे तोफ डागली गेली नाही, म्हणून सरस्वती महाल ग्रंथालय उभे राहिले आणि आज कोणीही जाऊन तेथील पोथ्या पाहू शकतो. दोन मराठी राजे, दोघेही महाराष्ट्रापासून दूर, दोघांचीही विद्येवर माया. एकाचे नाव ग्रंथालयावर कोरलेले आहे, दुसऱ्याच्या ग्रंथालयाची जागा दाखविणारा मनुष्य आम्हांला भेटला नाही. गंगाधररावांची चूक झाली असेल तर एवढीच की सारे एका राजवाड्यात आणि एका पुरुषाच्या खजिन्यावर होते. पण त्या काळी दुसरा मार्ग तरी कोणता होता? वर्गणी गोळा करून, घरोघरची पुस्तके मागून, मुलांचे चित्रकलेचे वर्ग आणि वार्षिक प्रदर्शन भरविण्याची आपल्यासारख्यांची रीत अद्याप जन्मास यावयाची होती. आपल्या मंडळाचे पहिले कपाट एका सभासदाच्या पडवीत होते, हे येथे सहज आठवले.

आपल्यापैकी कोणी झाशीस गेले तर किल्ला पाहून परत फिरू नये. शहरातील राणीमहालात जावे. त्याच्या दालनाच्या भिंती आणि छत यांवरील रंगीत नक्षी अजून टिकून आहे, आणि खाली मध्ययुगीन मूर्तींचे संग्रहालय सर्वांसाठी खुले आहे. तेथून लक्ष्मी दरवाजाबाहेर पडून नेवाळकरांच्या कुलस्वामिनीचे, महालक्ष्मीचे, दर्शन घ्यावे. जवळच लक्ष्मी तलावाच्या काठी गंगाधररावांची छत्री आहे. ती लक्ष्मीबाईंनी बांधविली. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती; एक शाळकरी मुलगा पायरीवर वही घेऊन तिच्या कमानीचे चित्र काढीत बसला होता. ही कोणाची छत्री, असे विचारले तर त्याने राणीसाहेबांचे नाव सांगितले. आम्ही त्याला राजाचे नाव सांगितले, आणि त्याने ते चित्राखाली लिहून घेतले.