ऋण चिन्हाला न घाबरणारे किरचॉफ

संगणकावर विद्युत परिपथ मांडणारे विद्यार्थी आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारतात. 5 व्होल्टचा घट आणि 1000 ओहमचा रोध जोडला. उत्तर 5 मिलिअँपिअर हवे, पण घटापुढे वजा 5 दिसते. काही जण ते चिन्ह गुपचूप खोडून टाकतात. त्यांच्यासाठी या वेळी गुस्टाव किरचॉफ यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म 12 मार्च 1824 रोजी प्रशियातील कोनिग्जबर्ग येथे झाला. आज हे शहर रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. 1845 मध्ये, अवघ्या 21 व्या वर्षी, विद्यार्थी असतानाच त्यांनी परिपथाचे दोन नियम मांडले. त्यांतला पहिला सोपा आहे. जोडबिंदूत जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर पडतो.

या नियमाने गणित करताना प्रवाहाची दिशा आधी ठाऊक नसली तरी अडत नाही. कोणतीही एक दिशा धरावी. उत्तर ऋण आले, तर प्रवाह उलट दिशेने वाहतो, एवढाच अर्थ. नामपल्ली स्टेशनात येणारी गाडी अधिक धरली, तर सुटणारी गाडी वजा होते. म्हणून ती काही चुकीच्या रुळावर नसते!

बर्कले विद्यापीठात तयार झालेली व 1973 मध्ये पुढे आलेली 'स्पाइस' ही आज्ञावली याच नियमावर चालते. घटाच्या धन टोकातून आत शिरणारा प्रवाह ती अधिक धरते. घट प्रवाह पुरवतो तेव्हा तो त्या टोकातून बाहेर पडतो, म्हणून वजा. बॅटरी चार्ज होताना हेच चिन्ह अधिक होते. चिन्ह खोडले, तर बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे, हे कसे कळणार?

पुढे हायडेलबर्ग येथे किरचॉफ यांनी बुन्सेन यांच्यासह वर्णपटाचा अभ्यास केला. त्यातून 1860 मध्ये सीझियम व 1861 मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये सापडली. पायाच्या दुखापतीमुळे त्यांना कुबड्या घ्याव्या लागल्या. 1869 मध्ये पत्नीचे निधन झाले. पदरी चार मुले होती. तरीही अध्यापन त्यांनी सोडले नाही. 1875 मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले. 17 ऑक्टोबर 1887 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, परिपथ काढताना आधी बाण काढा, मग उत्तर वाचा. पालकांनाही विनंती, की वहीत वजा दिसला तर रागावण्याआधी बाण कुठे आहे ते पाहावे.