हिमतीच्या पंडिता रमाबाई

अबू धाबी शहरालगतच्या अल रीम बेटावर आज अनेक भारतीय कुटुंबे राहतात. त्या देशात अपंग व्यक्तींना २०१७ पासून सरकारदरबारी अस्हाब अल हिमम, म्हणजे जिद्दीची माणसे, असे म्हणतात. आपल्या मराठीतील हिंमत हा शब्दही त्याच अरबी मुळातून आला आहे. तेथे काय, आपल्या मॉरिशसमध्ये काय, मुलांची घरातली भाषा एक, रस्त्यावरची दुसरी आणि शाळेतली तिसरी. त्यात एखाद्याचे कान वा डोळे अधू असले की इंग्रजीचा धडा आईबापांना डोंगराएवढा वाटतो. अशा आईबापांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र जाणून घ्यावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीला दिली. हे शिक्षण ऐकून पाठ करण्याचे होते. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. परंतु १८८२ मध्ये वैधव्य आले. पदरात लहानगी मनोरमा होती.

वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्यापायी स्वदेशात पुष्कळ टीका सोसली. वैद्यकीचा बेत मात्र तडीस गेला नाही, कारण त्यांची श्रवणशक्ती मंदावली होती. ज्या कानांनी असंख्य श्लोक टिपले, तेच कान आता साथ देईनात. त्यातून इंग्रजी! मराठी लिहिली तशी वाचावी. इंग्रजीत अक्षरे एक सांगतात आणि उच्चार दुसराच असतो. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला ही भाषा दुप्पट कठीण. रमाबाई मागे हटल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतःही शिकत. १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचून मदतीचे हात पुढे आले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

पुढच्या दुष्काळांत अनाथ मुलींना त्यांनी पुण्याजवळील केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला. त्यांत अंध मुलीही होत्या. त्यांच्यासाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली. सहा ठिपक्यांची ही लिपी बोटांनी वाचतात. भारतीय भाषांसाठी समान ब्रेल १९५१ मध्ये ठरली. तिच्यात मराठी म आणि इंग्रजी एम यांचे ठिपके एकच, क आणि के यांचेही एकच. त्यामुळे आज मराठी वाचणारे अंध मूल इंग्रजीकडे अगदी रिकाम्या हाताने जात नाही.

मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

वाचकहो, आईने मंद कानांनी परकी भाषा आपलीशी केली आणि लेकीने अंध मुलींच्या बोटांना अक्षरे दिली. कान अधू असतील तर डोळ्यांनी शिकवावे, डोळे अधू असतील तर बोटांनी. मुलाला शिकता येत नाही असे म्हणण्यापूर्वी आपण शिकविण्याच्या किती वाटा चालून पाहिल्या, हे मोजावे.