आधी अंघोळ, मग अक्षर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका शाळेत मी बरीच वर्षे तिसरीचा वर्ग सांभाळला. खानदेशातून, मराठवाड्यातून, पार उत्तर प्रदेश-बिहारमधून पोटासाठी आलेल्या कामगारांची ही मुले. आई-वडील दोघेही कामावर गेलेले, घराची किल्ली पोराच्या गळ्यात. अशा एका वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. फळ्यावरचे काही म्हणून ती नीट उतरवून घेत नसे. मी तिला रागावले, उभे केले, वहीवर लाल रेघा मारल्या. सहा महिने हे चालले. मग एके दिवशी तपासणीसाठी आरोग्य पथक आले. त्यांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. वरची दोन मोठी अक्षरे सोडली तर त्या मुलीला पुढचे काहीच दिसत नव्हते!

चष्मा आला आणि पंधरा दिवसांत वही बदलली. माझी लाज मात्र गेली नाही. डॉक्टरांना जे पाच मिनिटांत कळले, ते रोज पाच तास समोर असूनही मला का कळू नये? या प्रश्नाने मला एका बाईंकडे नेले. अध्यापक विद्यालयात त्यांच्यावर चार गुणांची टीप लिहिली होती, एवढीच काय ती माझी त्यांची ओळख. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे घरात सुधारणेचे वारे होते. मुली जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंत पोचत त्या काळात त्या पदवीधर झाल्या. संसार मात्र फार काळ टिकला नाही. पण त्या खचल्या नाहीत. राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ही मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि लहान मुलांच्या शिक्षणात रमल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले.

इथे एखादी बाई समाधानाने थांबली असती. पण शहरातल्या सुस्थितीतल्या घरांची मुले बालमंदिरात जातात, मग खेड्यातल्या मुलांचे काय, ही बोच ताराबाईंना लागून राहिली. पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्या डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. सोबतीला मिळाल्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या शिक्षिका. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी!

आणि अंगणात गेल्यावर पहिला धडा कसला? पाटी-पुस्तकाचा नव्हे. मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी-गोष्टी. मॉन्टेसोरीबाईंची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया आणि पाने यांनी घेतली.

वाचकहो, नखे कापण्यात कसले आले शिक्षण, असे वाटेल. पण जंतांची अंडी मातीतून नखांत आणि नखांतून तोंडात जातात. काही जंत तर अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. पोटात बसून ते मुलाच्या अंगचे रक्त कमी करतात. मूल पेंगते, चिडते, मागे पडते आणि आपण म्हणतो, डोकेच नाही! खरजेने रात्रभर खाजवणारे मूल सकाळी कविता काय पाठ करणार? ताराबाईंच्या शाळेत आरोग्य हा वेगळा तास नव्हता. शाळेची सुरुवातच तिथून होत होती.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेले. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा बुडते, हे ताराबाईंनी पाहिले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. १९६२ साली पद्मभूषण मिळाले तेव्हा ताराबाई सत्तरीच्या होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एका छपराखाली आणणाऱ्या तिच्या केंद्रांचे नाव होते अंगणवाडी. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. आणखी एक योग पाहा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरमध्ये, कोसबाडपासून फार दूर नव्हे. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला विलंब या चार गोष्टी त्यात पाहिल्या जातात. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे.

वर्षातून एकदा! माझ्या वर्गातली ती मुलगी त्या एका दिवसामुळे सुटली. पण उरलेले दोनशेहून अधिक दिवस मुलाकडे पाहायचे कोणी? डोळे बारीक करून फळा वाचणारे, हाक मारली तरी न ऐकणारे, संध्याकाळी अंधारात ठेचकाळणारे मूल आधी दिसते ते बाईंना आणि आईला. डॉक्टर त्यानंतर येतात.

मी पुढे एक सवय लावून घेतली. हजेरी घेताना नाव वाचायचे आणि त्या मुलाच्या चेहऱ्याकडे, नखांकडे, पायांकडे एकवार बघायचे. शेवटच्या बाकावरच्यांना दर आठवड्याला पुढे आणायचे. यात औषध नाही, खर्च नाही. मी निवृत्त झाले तोवर ही सवय सुटली नाही. कोसबाडला एकदा जाऊन आले. टेकडीवर उभी राहिले आणि त्या चार गुणांच्या टिपेची आठवण झाली. ती मी परीक्षेत बरोबर लिहिली होती. समजायला मात्र मला ती मुलगी भेटावी लागली.