कोरसमधल्या मुलींची अध्यक्षा

चार्ली चॅप्लिन म्हटले की आपल्याला टोपी, काठी आणि फाटके बूट आठवतात. पण १९१४ साली मॅक सेनेटने ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ हा विनोदी चित्रपट काढला, तेव्हा त्यातली मुख्य भूमिका चॅप्लिनकडे नव्हती. ती होती मारी ड्रेसलर या पंचेचाळीस वर्षांच्या धिप्पाड नटीकडे. चॅप्लिन होता तिच्या पैशावर डोळा ठेवणारा भामटा. पुढे मारीला अभिनयाचे ऑस्करही मिळाले. मला मात्र तिच्याविषयी लिहावेसे वाटले ते १९१९ सालच्या न्यूयॉर्कमधल्या नाट्यसंपामुळे. त्या महिन्याभरात तिने जे केले ते मला ऑस्करपेक्षा मोठे वाटते.

तिचा जन्म ९ नोव्हेंबर १८६८ चा, कॅनडातील कोबर्ग या गावचा. वडील संगीतशिक्षक. घरात पैसा नव्हता आणि वडिलांचा स्वभाव तापट. चौदाव्या वर्षी आपले वय अठरा असल्याचे सांगून ती एका फिरत्या नाटक कंपनीत शिरली. वडिलांना आपले नाव नाटकवाल्यांत नको होते, म्हणून तिने एका आत्याचे नाव घेतले आणि जन्मभर तेच लावले. पगार आठवड्याला सहा-आठ डॉलर. त्यातला निम्मा ती आईला पाठवी. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात. घरून पैसे येण्याऐवजी घरी पैसे पाठवायचे असतात तेव्हा उरलेल्या निम्म्यात आठवडा कसा काढायचा, हा हिशेब ज्यांनी केला आहे त्यांना ही ओळ एवढी सहज ओलांडता येणार नाही.

त्यानंतर ती एका संगीत नाटक कंपनीत कोरसमध्ये उभी राहिली. कोरस म्हणजे नायक-नायिकेच्या मागे रांगेने नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली. जाहिरातीत त्यांचे नाव नसते. एक आजारी पडली तर दुसरी त्याच कपड्यांत उभी केली जाते आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. मारी दिसायला सुंदर नव्हती, आणि नायिका होता येणार नाही हे तिने लवकर ओळखले. लोक आपल्याला हसणारच असतील तर ते आपण ठरवू तेव्हा हसले पाहिजेत, असा तिने जणू पणच केला असावा. १८९६ च्या ‘द लेडी स्लेव्ही’ने तिचे नाव झाले. मध्यंतरी लंडनमध्ये स्वतःचे नाटक काढून ती कर्जात बुडाली. १९१० च्या ‘टिलीज नाइटमेअर’ने तिला पुन्हा वर काढले. पहिल्या महायुद्धात युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी ती अमेरिकाभर हिंडली. म्हणजे १९१९ साली ती पन्नाशीची, नाव कमावलेली नटी होती. संपातून तिला स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते.

त्या काळातल्या अमेरिकन रंगभूमीची रीत आज वाचताना खरी वाटत नाही. तालमीचा पगार नाही. संगीत नाटकाच्या तालमी आठ-दहा आठवडेही चालत. नाटक चार दिवसांत पडले तर तालमीचे सगळे कष्ट फुकट. मोजे, बूट, कित्येकदा कपडेही नटीनेच आणायचे. दौऱ्यावर कंपनी बुडाली की मॅनेजर नाहीसा होई आणि मंडळी परक्या गावात परतीच्या भाड्याविना अडकून पडत. याविरुद्ध नटांनी १९१३ मध्ये ‘अॅक्टर्स इक्विटी’ ही संघटना काढली होती. पण मालक तिच्याशी बोलायलाच तयार नव्हते. शेवटी ७ ऑगस्ट १९१९ रोजी संप सुरू झाला आणि पहिल्याच रात्री ब्रॉडवेवरची बारा नाटके बंद पडली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. इक्विटी ही भूमिका करणाऱ्या नटांची संघटना होती. कोरसच्या मुलींना तिच्यात जागा नव्हती. म्हणजे ज्यांची पिळवणूक सर्वांत अधिक, त्याच दाराबाहेर. मालकांचा हिशेबही यावरच होता. प्रसिद्ध नट गेले तर बदली नट उभे करू, मागे नाचायला मुली आहेतच! हा हिशेब चुकवायचा तर मुलींना आत घेणे भागच होते. संपाच्या पहिल्याच आठवड्यात ‘कोरस इक्विटी असोसिएशन’ स्थापन झाली आणि मुलींनी पहिली अध्यक्षा म्हणून मारी ड्रेसलरला निवडले. त्यांना भाषण करणारी बाई कोणीही मिळाली असती. मारी त्यांच्या रांगेत उभी राहून वर गेलेली होती, आणि वर गेल्यावर ती हे विसरली नव्हती.

संप रंगला तोही नाटकवाल्यांच्याच पद्धतीने. ब्रॉडवेवरून मिरवणूक निघाली. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या थिएटरात संपकऱ्यांनी निधीसाठी स्वतःचे खेळ लावले. त्यात एथेल आणि लायनेल बॅरिमोर उतरले, आणि मारीही कोरसच्या मुलींना घेऊन उतरली. जॉर्ज कोहन हा लोकप्रिय नट-निर्माता मालकांच्या बाजूला गेला. त्याच्या गटाने ‘फिडेलिटी लीग’ काढली, तेव्हा संपकऱ्यांनी तिला ‘फायडो’ म्हणजे पाळीव कुत्र्याचे नाव देऊन टाकले.

तरीही नटांच्या आणि मुलींच्या बळावर हा संप जिंकला गेला असता असे मला वाटत नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर रंगमंच कामगार आणि वादक त्यांच्या बाजूने उतरले. दृश्याचे पडदे दोरांवर वरखाली करणारे, सेट लावणारे, दिवे सांभाळणारे हे लोक. त्यांची संघटना १८९३ पासूनची, म्हणजे नटांच्या संघटनेहून वीस वर्षे जुनी आणि चांगली घट्ट. बदली नट मिळतो. पण दोर कोणता कोणत्या पडद्याचा हे ठाऊक असलेला माणूस जागचा हलला नाही तर नाटक सुरूच होत नाही. पाच हजारांवर प्रेक्षक बसतील असे हिप्पोड्रोम थिएटरही अखेर अंधारात गेले. आमच्या जत्रेत तमाशाचा फड येतो तेव्हा तंबूचे खांब रोवणाऱ्या गड्यांचे नाव कोणी विचारीत नाही. एक रात्र ते आले नाहीत तर काय होईल, हे मला हा भाग वाचताना प्रथमच सुचले.

६ सप्टेंबरला मालकांनी सही केली. आठवड्याला आठ प्रयोग, त्यावर झाले तर जादा पैसे; फुकट तालमींना आठवड्यांची मर्यादा; कोरसचे कपडे कंपनीने द्यायचे. तालमीचा पूर्ण पगार मात्र तेव्हा मिळाला नाही. संपापूर्वी सुमारे २,७०० सभासद असलेली इक्विटी संपानंतर सुमारे १४,००० वर गेली. कोरसची संघटना स्वतंत्रपणे पुढे चालली आणि १९५५ साली मूळ इक्विटीत विलीन झाली.

मारीला मात्र रंगभूमीवर काम मिळेनासे झाले. मालकांनी तिला काळ्या यादीत टाकले असे सांगितले जाते. वाढते वय आणि बदललेली आवड हीही कारणे असणार. पण संपातल्या इतरांना काम मिळत राहिले आणि तिला नाही, हे मनात सलतेच. १९२० नंतरची सहा-सात वर्षे तिने ओढगस्तीत काढली. मग तिची जुनी स्नेही, पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन, हिने तिला हॉलिवूडमध्ये भूमिका मिळवून दिल्या. बोलपट आले तेव्हा मारी साठीला आली होती. १९३० मध्ये ‘अॅना ख्रिस्ती’त तिने ग्रेटा गार्बोसमोर दारुडी म्हातारी उभी केली, त्याच वर्षीच्या ‘मिन अँड बिल’साठी तिला ऑस्कर मिळाले, आणि १९३२-३३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहवाल्यांनी तिला गल्ल्याच्या हिशेबात पहिला क्रमांक दिला. साठीच्या बाईला, तेही त्या हॉलिवूडमध्ये!

तोवर कर्करोग झाला होता. २८ जुलै १९३४ रोजी कॅलिफोर्नियात ती वारली. मालमत्तेचा मोठा भाग बहिणीला गेला. वीस वर्षे तिच्याकडे काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईला तिने ३५,००० डॉलर आणि आपली मोटार ठेवली होती, त्या बाईच्या नवऱ्याला १५,००० डॉलर. या पैशातून कृष्णवर्णीय प्रवाशांना मुक्कामाची चांगली सोय व्हावी अशी तिची इच्छा होती, कारण गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. १९३६ साली त्या नवरा-बायकोने जॉर्जिया राज्यात सॅव्हाना येथे एक नाइट क्लब काढला आणि त्याला लागून प्रवाशांसाठी लहान लहान खोल्या बांधल्या.