रॉबर्ट स्नूक्स

रॉबर्ट स्नूक्स (मूळ नाव: जेम्स स्नूक, १७६१ – ११ मार्च १८०२) हा इंग्लंडमधील एक वाटमाऱ्या होता. हर्टफर्डशायर परगण्यातील हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बॉक्समूर येथे त्याने सरकारी टपाल लुटले आणि त्याच ठिकाणी त्याला फाशी देण्यात आले. वाटमारीबद्दल गुन्ह्याच्या जागीच फाशी गेलेला इंग्लंडमधील अखेरचा माणूस म्हणून त्याची प्रसिद्धी आहे. त्याला वाटमारीबद्दल फाशी गेलेला शेवटचा इंग्रजच म्हणण्याची प्रथा मात्र बरोबर नाही. या गुन्ह्यासाठी देहदंड पुढेही अनेक वर्षे दिला जात होता.

त्याचा जन्म बर्कशायरमधील हंगरफर्ड गावी झाला. जेम्स या नावाचा रॉबर्ट कसा झाला, याविषयी असे सांगतात की इंग्रजीतील लुटारू या अर्थाच्या ‘रॉबर’ शब्दाचेच लोकांच्या तोंडी रॉबर्ट झाले असावे. आज थडग्यावरील शिळेवरही हेच टोपणनाव आहे.

तत्कालीन परिस्थिती

१८०१ साली इंग्लंडच्या ग्रामीण भागात पगारी पोलीस नव्हते. प्रत्येक पॅरिशमध्ये एक कॉन्स्टेबल असे. तो गावातलाच शेतकरी वा दुकानदार असून बहुधा वर्षभरासाठी, बिनपगारी, आणि पुष्कळदा नाइलाजाने हे काम पाही. त्याच्यावर काही गावांच्या गटासाठी हाय कॉन्स्टेबल असे. गुन्हेगार शोधून काढणारी स्वतंत्र यंत्रणाच नसल्याने सारा भर बक्षिसाच्या जाहिरातीवर आणि ओळखी-पाळखीवर होता. टपालाची स्थितीही अशीच दुहेरी होती. १७८४ पासून मोठ्या रस्त्यांवर सशस्त्र रक्षक असलेल्या टपालगाड्या धावू लागल्या होत्या. आडरस्त्यांवर मात्र एखादा पोरगा एकटाच घोड्यावरून थैल्या नेत असे.

टपालाची लूट

मे १८०१ मधील एका रात्री जॉन स्टीव्हन्स हा टपाल्या पोरगा ट्रिंगहून हेमेल हेम्पस्टेडकडे टपालाच्या सहा थैल्या घेऊन निघाला होता. बॉक्समूरच्या ओसाड माळावर स्नूक्सने त्याला अडवले, थैल्या हिसकावल्या आणि त्यांतील पत्रे फोडून नोटा काढून घेतल्या. एका पत्रातच मोठी रक्कम होती. १७९७ पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले होते व कागदी पैशाचा वापर वाढला होता; टपालातून नोटा पाठवणेही नित्याचे होते. त्यामुळे अशी थैली म्हणजे वाटमाऱ्याला धनाची पेटीच होती. रिकामी पाकिटे आणि तुटलेल्या तंगाचे एक खोगीर मात्र तो मागे टाकून गेला.

हेमेल हेम्पस्टेडचा हाय कॉन्स्टेबल जॉन पेज याच्याकडे तपास आला. टपाल खात्याने २०० पाऊंडांचे बक्षीस लावले. पार्लमेंटने वाटमाऱ्यांसाठी ठरवून दिलेले बक्षीस त्यात मिळवता ही रक्कम ३०० पाऊंडांपर्यंत जात होती. साध्या मजुराला एवढी रक्कम मिळवायला कित्येक वर्षे लागली असती.

अटक

स्नूक्स लंडनजवळच्या सदर्कमध्ये दडून बसला. तेथे त्याने एका मोलकरणीला कापड आणण्यासाठी पाच पाऊंडांची नोट म्हणून एक नोट दिली. ती प्रत्यक्षात पन्नासाची होती. दुकानात शंका निघाली, ती परत आली, आणि स्नूक्स तेथून निसटला. पकडले जाण्याच्या भीतीने त्याने आपल्या जन्मगावाकडे धाव घेतली. पण जेथे प्रत्येक जण आपल्याला लहानपणापासून ओळखतो तेथेच जाणे, हीच त्याची मोठी चूक ठरली. ८ डिसेंबर १८०१ रोजी विल्टशायरमधील मार्लबरोच्या जंगलात टपाल्या गाडीवानांनी त्याला पकडले. त्यांतील एकाने शाळेतल्या सोबत्याला नेमके ओळखले होते.

लंडनच्या न्यूगेट तुरुंगातून त्याला हर्टफर्डला नेले. तेथील असाइझ न्यायालयात ९ मार्च १८०२ रोजी खटला चालला व दोषी ठरवून देहदंड सुनावला गेला. टपाल लुटणे हा थेट राजसत्तेवरचा घाला मानला जाई. त्यामुळे इतरांना जरब बसावी म्हणून फाशी गुन्ह्याच्या जागीच देण्याचे ठरले.

फाशी आणि दफन

दोनच दिवसांनी, ११ मार्चला, त्याला बॉक्समूरला आणले. वाटेत ‘स्वान’ या पथिकगृहात थांबून त्याला अखेरचे पेय दिले गेले. माळावर मोठी गर्दी होती. आपल्याला नीट पुरणाऱ्याला सोन्याचे घड्याळ देऊ, असे त्याने सांगितल्याची कथा आहे. कोणी पुढे आले नाही. प्रेत पेंढ्यासह साध्या खड्ड्यात पुरले गेले. दुसऱ्या दिवशी गावातील काही लोकांनी ते उकरून साध्या शवपेटीत ठेवले आणि त्याच ठिकाणी पुन्हा दफन केले. बघ्यांची ती झुंबड आणि हा दुसऱ्या दिवशीचा कणव, दोन्ही एकाच गावचे.

पुढील काळ

रस्त्यांवरील वाटमारीला आळा घालण्यासाठी १८०५ मध्ये लंडनभोवतीच्या महामार्गांवर बो स्ट्रीटच्या दंडाधिकाऱ्यांचे घोडेस्वार गस्ती पथक सुरू झाले. १८२९ मध्ये लंडनला मेट्रोपॉलिटन पोलीस आले. ग्रामीण परगण्यांना पोलीस दल उभारण्याची मुभा मिळाली ती १८३९ च्या कायद्याने, आणि हर्टफर्डशायरचे दल १८४१ मध्ये स्थापन झाले.

माळाची व्यवस्था पाहणाऱ्या बॉक्समूर ट्रस्टने १९०४ मध्ये स्नूक्सच्या नावाची एक शिळा तेथे उभारली. १९९४ मध्ये पायथ्याशी दुसरी शिळा बसवण्यात आली. थडग्याची नेमकी जागा मात्र या दोन शिळांच्या आसपासच कोठे तरी आहे, असेच मानतात.