मणक्यांच्या मागे लागलेला माणूस

आमच्या वालचंदनगरच्या परिसरात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाया दिसतात. संध्याकाळी त्यांच्यातलीच एखादी गालाला हात लावून बसलेली असते. दात म्हणावा तर तो धड असतो. दुखणं जबड्यात आणि मूळ मानेत, असंही होतं बरं का! मग कुणीतरी सांगतं, मान मोडून घे. हाताने मणके दाबून बसवण्याच्या विद्येला अमेरिकेत ‘कायरोप्रॅक्टिक’ असं भारदस्त नाव मिळालं, ते डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थामुळे.

पामरचा जन्म १८४५ चा, कॅनडात टोरांटोजवळचा. विशीत तो अमेरिकेत आला. मास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, रासबेरीची बाग लावली, किराणा दुकान टाकलं. (एखाद्या बाईने असे चार धंदे बदलले असते, तर काय काय ऐकावं लागलं असतं!) शेवटी डेव्हनपोर्ट गावात हाताच्या स्पर्शाने रोग बरे करायचा दवाखाना थाटला. डॉक्टरकीची पदवी नव्हतीच.

त्याच इमारतीत हार्वे लिलार्ड हा झाडलोट करायचा. त्याला कित्येक वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. सप्टेंबर १८९५ मध्ये पामरने त्याच्या पाठीतला वरचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा पामरचा दावा. ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीतून नाही. त्यामुळे डॉक्टर मंडळींना ते पटलं नाही. पामर मात्र मणक्यांच्या मागेच लागला. शेकडा ९५ रोग मणका सरकल्यानेच होतात, इथवर त्याची मजल गेली. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगात गेला. शाळा मुलाकडे गेली, बापलेकांचं फाटलं. सून मेबेल तिथे शरीररचना शिकवायची, त्या काळी ही थोडकी गोष्ट नव्हे. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसला पामर वारला.

त्याचा मोठा दावा टिकला नाही. मान-जबड्याचं नातं मात्र खरं आहे. चेहऱ्याची आणि जबड्याची वेदना नेणारी नस मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरते, तिथेच मानेच्या वरच्या नसा येऊन मिळतात. मग नेमकं दुखतंय कुठे, याचा मेंदूला घोळ होतो. शेक, मऊ जेवण, दात आवळायची सवय सोडणं आणि शिकवून घेतलेले व्यायाम, याने बहुतेकींना आराम पडतो. मानेला झटका देऊन घेताना क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो, म्हणून ते कुणाहीकडून करून घेऊ नये. आणि जबड्याबरोबर घाम, धाप, छातीत दडपण असेल, तर ते हृदयाचंही असू शकतं. तेव्हा थेट दवाखानाच गाठायचा.

मागच्या हंगामात दाढ काढायचीच म्हणून आलेल्या एकीला मी दंतवैद्याकडे नेलं. दाढ शाबूत राहिली, मानेचे व्यायाम शिकून ती परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोळी डोक्यावर होतीच.