हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (१८६८–१९५८)

क्रीडास्पर्धांवरील माहितीपट म्हटले की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरील लेनी रीफेनश्टाल यांचा ‘ऑलिंपिया’ आठवतो. भारतात मात्र खेळाचे चित्रण त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले होते. त्याचे श्रेय ‘सावेदादा’ या नावाने परिचित असलेल्या भाटवडेकरांकडे जाते.

सावेदादा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला आणि मुंबईला या नव्या कलेची ओळख झाली. सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला व १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. खेळातील क्षण घडत असतानाच टिपावा लागतो. त्यातच ही फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. ती परत येईपर्यंत काय साधले, हे कळण्यास मार्ग नव्हता.

१९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे आणि १९०३ मध्ये दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रण केले. पुढे ते चित्रपटगृहाच्या व्यवसायाकडे वळले.

‘ऑलिंपिया’च्या पाठीशी नाझी राजवटीचे द्रव्यबळ होते, सावेदादांपाशी केवळ स्वतःची जिज्ञासा व धाडस होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला. त्यापूर्वी चौदा वर्षे झालेले कुस्तीचे हे चित्रण लक्षात घेता, भारतीय चित्रपटाचा आरंभ कथेतून नव्हे, तर वास्तवाच्या नोंदीतून झाला असे म्हणावे लागते.